दोन रेघांची साक्ष : प्राथमिक शाळेतील मुले आणि करोनाची जलद चाचणी

मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात उल्हासनगरचे नाव एका खेदजनक कारणाने देशभर गेले. करोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीसाठी नाकातोंडातील स्राव ज्या काडीने घेतात, त्या काड्या कॅम्प क्रमांक दोनमधील एका वस्तीत घरोघरी जमिनीवर पसरून पाकिटांत भरल्या जात असल्याची चित्रफीत प्रसारमाध्यमांत आली. काड्या भरणाऱ्यांत स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेली लहान मुलेही होती. हातात मोजे नव्हते, तोंडावर मुखपट्टी नव्हती. प्रशासनाने व पोलिसांनी धाव घेतली, गुन्हा नोंदविला गेला आणि चार दिवसांत ती बातमी मागे पडली. दुसऱ्या लाटेचे ते ऐन दिवस होते. अनेक घरांतील कर्त्या माणसाचे काम सुटले होते आणि शाळा वर्षाहून अधिक काळ बंद होत्या. मिळेल ते काम घरी आणणाऱ्या त्या मातांना दोष देण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. ज्यांनी असे काम अशा रीतीने घराघरांत वाटले, त्यांची गोष्ट वेगळी.

हा प्रसंग येथे आठविण्याचे कारण असे की, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आपल्या तीन शहरांतील अनेक पालक त्या काळात एकच प्रश्न विचारीत होते : मुलांची चाचणी करा आणि शाळा उघडा, असे का होत नाही? पंधरा मिनिटांत निकाल देणारी चाचणी उपलब्ध आहे, मग शाळेच्या दारातच ती का करू नये? मे-जून २०२५ मध्ये रुग्णसंख्या थोडी वाढली, तेव्हाही हा प्रश्न पुन्हा कानी आला. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. ते समजून घ्यावयाचे, तर आधी चाचणी म्हणजे काय हे पाहावे लागेल.

चाचण्या मुख्यतः दोन प्रकारच्या. आरटी-पीसीआर चाचणीत प्रयोगशाळेतील यंत्र विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या प्रती पुनःपुन्हा दुप्पट करीत जाते. त्यामुळे नमुन्यात विषाणू अत्यल्प असला तरी तो सापडतो. मात्र निकालाला किमान काही तास लागतात, आणि लाटेच्या काळात तर दोन-तीन दिवसही लागत. काडी निर्जंतुक असली पाहिजे, हा आग्रह याच कारणासाठी असतो. भरणाऱ्याच्या हातावरील किंवा श्वासातील विषाणू काडीला लागला, तर निरोगी माणूस बाधित ठरू शकतो. आणि आपल्या त्वचेवर स्वाभाविकपणे असणारी काही द्रव्ये विषाणूचे जनुकीय द्रव्य नष्ट करीत असल्याने बाधित माणूस निरोगीही ठरू शकतो. शिवाय ती काडी नाकाच्या अगदी आतपर्यंत जाते, हे तर उघडच आहे.

दुसरी, जलद अँटिजेन चाचणी. हिच्यात प्रती वाढविणे नाही, यंत्र नाही. नाकातील स्राव द्रावणात मिसळून त्याचे थेंब एका छोट्या पट्टीवर टाकतात. टीपकागदावर शाई पसरावी तसे ते द्रावण पट्टीवरून पुढे सरकते. वाटेत विषाणूच्या प्रथिनाला धरून ठेवणारी प्रतिपिंडे ठेवलेली असतात. प्रथिन असेल तर ते त्यांना चिकटते व रंगीत रेघ उमटते. दुसरी रेघ नियंत्रणाची असते. ती केवळ पट्टी नीट चालली एवढेच सांगते. ही नियंत्रणाची रेघ उमटली नाही, तर दुसरी रेघ काहीही सांगो, ती चाचणी बाद समजावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १४ जून २०२० रोजी अशा पहिल्या संचाच्या वापरास मान्यता दिली, ती प्रतिबंधित क्षेत्रे व रुग्णालये यांच्यासाठी. त्याच पत्रकात परिषदेने आपले मोजमापही दिले होते. खऱ्या बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्के लोक ही चाचणी ओळखते, तर निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात ती ९९.३ ते १०० टक्के अचूक आहे. म्हणून लक्षणे असलेल्या माणसाची जलद चाचणी नकारात्मक आली, तर आरटी-पीसीआर करावीच, असे बंधन घातले गेले.

लहान मुलांत या चाचणीची दृष्टी आणखी मंद होते. मुलांवरील सतरा अभ्यासांचा एकत्र आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष वापरात, बाधित मुलांपैकी सुमारे ६४ टक्के मुलेच जलद चाचणीने ओळखली गेली; लक्षणे नसलेल्या मुलांत हे प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास होते. निरोगी मुलांना निरोगी म्हणण्यात चाचणी ९९ टक्के बरोबर ठरली. ९९ टक्के हा आकडा ऐकून मन निश्चिंत होते. येथेच पालकांनी थोडे थांबून गणित करावे, अशी आमची विनंती आहे.

एखाद्या मोठ्या शाळेत एक हजार मुले आहेत असे धरू. साथ ओसरलेली आहे आणि हजारांत दहा मुले बाधित आहेत. जलद चाचणी त्यांतील सुमारे सहा शोधील, चार निसटतील. उरलेल्या ९९० निरोगी मुलांपैकी एक टक्का, म्हणजे जवळजवळ दहा मुले, विनाकारण बाधित ठरतील. म्हणजे ज्या सोळा मुलांना आपण घरी पाठविले, त्यांतील दहा मुलांना काहीच झालेले नव्हते. आणि ज्यांना वर्गात बसविले, त्यांत चार बाधित होते. आता हीच शाळा लाटेच्या शिखरावर घ्या. हजारांत शंभर मुले बाधित आहेत. चाचणी ६४ शोधील, ३६ निसटतील, आणि नऊ निरोगी मुले चुकून बाधित ठरतील. घरी पाठविलेल्या ७३ मुलांपैकी ६४ खरोखर बाधित असतील. संच तोच, काडी तीच. पण आजूबाजूला साथ किती आहे यावर रेघेचा अर्थ पालटतो. ज्या घरात कालच आजोबांना करोना झाल्याचे निष्पन्न झाले आहे, त्या घरातील खोकणाऱ्या मुलाच्या पट्टीवरील रेघ एक सांगते, आणि साथ नसताना, लक्षणे नसताना, केवळ नियम म्हणून केलेल्या चाचणीतील रेघ वेगळेच सांगते.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय आठवेल. त्वचेवर संशयास्पद डाग दिसलेल्या माणसाला याजकाकडे आणीत. लक्षण स्पष्ट नसेल तर याजक तत्काळ निकाल देत नसे. सात दिवस त्या माणसाला वेगळे ठेवून सातव्या दिवशी पुन्हा पाहत असे, आणि गरज भासल्यास आणखी सात दिवसांनी तिसऱ्यांदा. त्या काळच्या नियमांतील कठोरपणा आज आपणांस खुपतो, आणि तो खुपावाच. तरीही एकदा पाहून निर्णय करू नये, ही समज त्यात होती. संत लूक यांनी सांगितलेल्या दहा कुष्ठरोग्यांच्या प्रसंगात प्रभू येशू त्यांना याजकांकडे जाण्यास सांगतो. कारण याजकाने शुद्ध म्हटल्याखेरीज त्यांना गावात, घरात, उपासनेत परत घेतले जाणार नव्हते. त्यांच्यासाठी ती तपासणी परत येण्याची वाट होती. मुलांच्या चाचणीकडेही आम्ही याच दृष्टीने पाहतो : तिने मूल वर्गात लवकर परत येते की वर्गाबाहेर अधिक काळ राहते?

आपल्या राज्यात मुले किती काळ बाहेर राहिली, हे विसरण्याजोगे नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग व जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग काही ठिकाणी सुरू झाले, तेव्हा शिक्षकांची आरटी-पीसीआर चाचणी सक्तीची होती; विद्यार्थ्यांची नव्हती. दुसऱ्या लाटेने ते वर्गही पुन्हा बंद पाडले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांतील आठवी ते बारावी सुरू झाली. पहिली ते चौथीच्या मुलांना राज्य शासनाची परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून, आणि प्रत्यक्ष दिवस ठरविणे स्थानिक प्रशासनावर सोपविलेले असल्याने मुंबई व परिसरात अनेक ठिकाणी तोही पुढे ढकलला गेला. पाठोपाठ ओमायक्रॉन आला, जानेवारी २०२२ मध्ये वर्ग पुन्हा बंद झाले व २४ जानेवारीनंतर टप्प्याटप्प्याने उघडले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने वर्गातील फळा पहिल्यांदा पाहिला, तो दुसरीत गेल्यावर.

या साऱ्या काळात प्राथमिक विद्यार्थ्यांची नियमित चाचणी महाराष्ट्रात कधीच राबविली गेली नाही. शाळेच्या दारात कपाळाजवळ धरलेले तापमापक होते, हात धुणे होते, अंतर राखून बसणे होते. ताप मोजणे वाईट नव्हे; परंतु बाधित मुलांपैकी अनेकांना ताप येतच नव्हता. बारा वर्षांखालील मुलांना लसीचेही कवच नव्हते : १५ वर्षांवरील मुलांचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी व १२ ते १४ वयोगटाचे १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले, त्याखालील मुले राष्ट्रीय मोहिमेत आलीच नाहीत.

आता एक गोष्ट अशी की जी आम्हांला आजही अस्वस्थ करते. संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्तातील प्रतिपिंडांचे चौथे सर्वेक्षण केले. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात करोनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. या मुलांना लस मिळालेली नव्हती, म्हणजे त्यांना संसर्ग होऊन गेलेला होता. आणि त्यांतील बहुतेक मुले तोवर शाळेत गेलेली नव्हती. विषाणू त्यांच्या घरी येऊन त्यांना भेटून गेला होता. त्याच जुलै महिन्यात परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी, लहान मुले हा संसर्ग मोठ्यांहून चांगला पेलतात, म्हणून शाळा उघडताना प्राथमिक वर्ग आधी उघडण्याचा विचार करावा, असे मत मांडले. आपल्याकडे क्रम उलटा झाला. मोठी मुले आधी गेली, सर्वांत लहान सर्वांत शेवटी. देशाच्या ग्रामीण भागातील 'असर' या पाहणीत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. शहरांतील मुले या पाहणीत नसतात, पण भ्रमणध्वनी एक आणि भावंडे तीन, ही स्थिती आपल्या वस्त्यांतही घरोघरी होती.

मग चाचणीच्या बळावर शाळा आधी उघडता आल्या असत्या काय? इतर देशांनी काय केले, ते पाहणे येथे उपयोगाचे ठरेल. इंग्लंडने मार्च २०२१ पासून माध्यमिक विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोनदा घरी जलद चाचणी करावयास सांगितले. प्राथमिक शाळांत मात्र शिक्षकांनीच चाचणी करावयाची होती, मुलांनी नव्हे. सहा वर्षांच्या मुलाच्या नाकात आठवड्यातून दोनदा काडी घालणे त्यांनाही योग्य वाटले नाही. जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या राज्याने मे २०२१ मध्ये प्राथमिक शाळांसाठी अधिक मायाळू मार्ग काढला. मुलाने काडी लॉलीपॉपप्रमाणे तीस सेकंद चोखावयाची, वर्गातील सर्वांच्या काड्या एका नळीत एकत्र करावयाच्या आणि त्या नळीची एकच पीसीआर चाचणी करावयाची. निकाल नकारात्मक आला तर सारा वर्ग मोकळा. सकारात्मक आला तरच प्रत्येक मुलाची स्वतंत्र तपासणी. ही एकत्रित तपासणीची कल्पना नवी नाही. रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ मध्ये अमेरिकी सैन्यभरतीतील उमेदवारांच्या रक्ततपासणीसाठी ती मांडली होती. आपल्या संशोधन परिषदेनेही एप्रिल २०२० मध्ये, बाधितांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी असेल तेथे पाच नमुने एकत्र तपासण्यास परवानगी दिली होती. ती प्राथमिक शाळांपर्यंत पोहोचली असती, तर एक कोवळा मार्ग उघडला असता असे आम्हांस वाटते.

जलद चाचणीच्या खर्चाचाही विचार करू. पुण्यातील मायलॅब या कंपनीच्या घरगुती संचास १९ मे २०२१ रोजी मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत २५० रुपये होती. पन्नास मुलांचा एक वर्ग, आठवड्यातून दोन चाचण्या, म्हणजे आठवड्याला पंचवीस हजार रुपये, आणि तेही एका वर्गाचे. अंबरनाथच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या किंवा बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून मुंबईत घरकामाला जाणाऱ्या पालकांच्या शाळेला हे कसे पेलावे? त्या संचाबरोबर परिषदेने दिलेली सूचनाही स्पष्ट होती : लक्षणे असलेल्यांनी आणि बाधितांच्या निकट संपर्कात आलेल्यांनीच ती चाचणी करावी, सरसकट करू नये. वरील गणित पाहता ही सूचना योग्यच होती, असे आमचे मत आहे.

खर्चापेक्षाही मोठी अडचण रेघ उमटल्यानंतरची होती. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला. आजही अनेक कुटुंबे एका-दोन खोल्यांत राहतात. मुलाचे विलगीकरण करा, असे सांगितले तर कोणत्या खोलीत? मूल बाधित ठरले की आईचे काम सुटे, बापाला कारखान्याच्या दारातून परत पाठवीत, शेजारी बोलणे सोडीत. अशा घराने चाचणी टाळली, तर तिला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. चाचणीचा निकाल पेलण्यासाठी घराला धान्य लागते, बुडालेल्या रोजीची भरपाई लागते. हे नसेल, तर सर्वांत अचूक पट्टीही पिशवीतच राहते.

या अडचणीवर सर्वाधिक प्रकाश टाकणारा अभ्यास आमच्या मते इंग्लंडचाच आहे. तेथे २०२१ मध्ये सुमारे दोनशे शाळांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. या प्राथमिक नव्हे, मोठ्या मुलांच्या शाळा होत्या. वर्गात एक बाधित सापडला की पहिल्या गटात त्याच्या संपर्कातील सर्वांना दहा दिवस घरी बसविले. दुसऱ्या गटात संपर्कातील मुलांची रोज जलद चाचणी करून ज्यांची नकारात्मक आली त्यांना वर्गात येऊ दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शाळेत येऊ दिल्याने संसर्ग लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही. येथे चाचणी मुलाला परत आणण्यासाठी वापरली गेली. शिवाय ती सर्वांची नव्हती, ज्यांना खरोखर धोका होता त्यांचीच होती. आणि एकदाच नव्हती, दिवसामागून दिवस होती. एका दिवशी निसटलेला बाधित दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सापडतो, कारण विषाणू नाकात वाढत जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये हेच सूत्र घरगुती चाचण्यांना लावले : लक्षणे असतील तर ४८ तासांच्या अंतराने दोन चाचण्या, नसतील तर तीन.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. संच मात्र औषधांच्या दुकानात आहेत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर खोकणारी मुलेही आहेत. तेव्हा पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. मूल ठणठणीत असताना केवळ मनाच्या समाधानासाठी चाचणी करू नये. लक्षणे असतील तर करावी, आणि नकारात्मक आली तरी ताप-खोकला असेपर्यंत मुलाला घरीच ठेवावे. दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. धाप लागणे, पाणीही न पिणे, सुस्ती ही लक्षणे दिसली तर पट्टीची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. संचावरील अंतिम तारीख पाहावी. बहुतेक संच दोन ते तीस अंश तापमानात ठेवावयाचे असतात. एप्रिल-मे महिन्यांत बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या संचावर विसंबू नये. पट्टी पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचावी. तासाभराने उमटलेली पुसट रेघ मोजावयाची नसते.

शाळांकडून आमची अपेक्षा थोडीच आहे. एखादे मूल बाधित ठरल्यास त्या वर्गाच्या पालकांना तसे कळवावे, पण मुलाचे नाव सांगू नये. आजारपणातील गैरहजेरीसाठी मुलाकडून दंड किंवा खुलासा मागू नये. त्या भीतीपोटीच तापाचे औषध देऊन मुले शाळेत धाडली जातात. शाळेने घरचा अभ्यास शेजारच्या मुलाच्या हाती पाठवावा, दारात ठेवून जाण्यास सांगावे, आणि चार-पाच दिवसांनी मूल परत आले की पहिल्या तासाला त्याची वही तपासण्याआधी त्याला त्याच्या नेहमीच्या बाकावर, नेहमीच्या सोबत्याशेजारी बसू द्यावे.